नाल्यातले तण, रस्त्यावरचे पाणी

पावसाळा तोंडावर आला की दादर, परळ, लालबागमध्ये एकच चौकशी सुरू होते : नालेसफाई झाली का? तिचा हिशेब सहसा काढलेल्या गाळाच्या टनांत दिला जातो. नाल्यात माजलेल्या तणाकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. पाणी किती वेगाने वाहून जाणार, हे त्या तणावरही ठरते.

शहर भागातल्या पर्जन्यजलवाहिन्या बहुतांश जमिनीखाली आहेत. त्या अंधारात झाडे उगवत नाहीत. पण मिठी नदीकडे जाणाऱ्या दादर-धारावी नाल्यासारखे नाले उघडे असतात. तिथे गाळ साचला, ऊन मिळाले की गवत, एरंड, जलपर्णी फोफावते.

आयरिश अभियंता रॉबर्ट मॅनिंग यांनी १८८९ मध्ये मांडलेले सूत्र अभियंते आजही वापरतात. त्यात नाल्याच्या खरखरीतपणाला एक अंक दिला जातो. गुळगुळीत काँक्रीटसाठी तो सुमारे ०.०१५ असतो, तर दाट तणाच्या नाल्यात ०.०६ किंवा त्याहूनही जास्त. म्हणजे उतार आणि पाण्याची खोली तीच राहिली, तरी चौथा हिस्साच पाणी पुढे सरकते. तेवढेच पाणी न्यायचे तर रुंद नाल्यात पातळी दुपटीहून अधिक चढते.

याचे कारण साधे आहे. प्रत्येक देठामागे भोवरे होतात आणि त्यांत प्रवाहाची ऊर्जा खर्ची पडते. मऊ गवत जोराच्या प्रवाहात आडवे होते, त्यामुळे त्याचा अडथळा कमी होतो. एरंडाचे ताठ खोड मात्र वाकत नाही, उलट प्लास्टिक अडवून धरते. तरंगणारी जलपर्णी पाण्याला वरूनही घासते. वेग मंदावला की गाळ तळाशी बसतो आणि त्या गाळात पुन्हा नवे तण रुजते.

मुंबईतील जुन्या वाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधल्या होत्या. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर ही क्षमता ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याच्या कामाला वेग आला. पण पुढचा नालाच तणाने भरला, तर कागदावरची क्षमता प्रत्यक्षात उरत नाही. त्यात भरती असेल तर पाणी आणखी तुंबते.

म्हणून सगळीच हिरवळ काढायची का? मुळीच नाही. माहीम आणि शिवडीच्या किनाऱ्यावरची खारफुटीही पाण्याचा वेग कमी करते, पण तिथे तेच हवे असते. तिच्या मुळांमुळे लाटांचा जोर ओसरतो, किनारा धरून ठेवला जातो. नाल्यातले तण काढावे, किनाऱ्यावरची खारफुटी जपावी.

तुंबलेल्या पाण्यातून चालावे लागलेच, तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. पायाला जखम असल्यास तो वाढतो. घरी येताच पाय साबणाने धुवावेत आणि ताप येण्याची वाट न पाहता ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक औषध घ्यावे.