पोलीस शिपायाची पेन्शन आणि आपण

पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत मी शिक्षकाची नोकरी केली. या काळात बौद्धवाड्यांतली आणि आदिवासी वाड्यांतली अनेक मुले पोलीस भरतीसाठी तयारी करताना पाहिली. पहाटे मुंबई-गोवा हमरस्त्याच्या कडेने ती धावतात. भरती झाली की वाडीत पेढे वाटले जातात. पण त्यानंतर त्या मुलाचे काय होते, याची विचारपूस चळवळ करीत नाही. आपल्या व्यासपीठावर पोलीस हा शब्द येतो तो लाठीच्या संदर्भात. तसे होण्याला सबळ कारणे आहेत आणि त्यांकडे मी पुढे येणारच आहे. तरीही शिपायाचा पगार, त्याची पेन्शन आणि त्याचे कामाचे तास हे प्रश्न आपले आहेत, असे मी मानतो. ते का, हे या लेखात मांडायचे आहे.

आधी पेन्शनचा विचार करू. दलित चळवळीच्या इतिहासात पेन्शन ही किरकोळ गोष्ट नाही. गोपाळबाबा वलंगकर महाडजवळच्या रावढळचे. ते लष्करातून निवृत्त झाले, दापोलीला राहिले, आणि 1888 साली ‘विटाळ विध्वंसन’ त्यांनी प्रसिद्ध केले. सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर दापोलीलाच आले. या माणसांना गावकीपुढे भाकरीसाठी हात पसरावा लागत नव्हता. महिन्याला ठरलेली रक्कम येत होती आणि ती बंद करणे खोताच्या किंवा पाटलाच्या हातात नव्हते. गावाला न भिता बोलण्याची सोय पेन्शनने करून दिली. पुढे लष्करभरतीचे दार बंद झाले तेव्हा गेली ती केवळ नोकरी नव्हती, ही सोयही गेली. म्हणूनच 1928 साली सायमन कमिशनपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जी संरक्षणे मागितली, त्यांत लष्कर, आरमार आणि पोलीस यांत अस्पृश्यांना जातीची आडकाठी न ठेवता भरती मिळावी, ही मागणी होती. प्रत्येक जिल्ह्यात अस्पृश्यांमधून एक खास पोलीस इन्स्पेक्टर असावा, हीही मागणी त्यांनी केली. पोलीस खात्यात शिरणे हा हक्क म्हणून मागितला गेला आहे, हे आपण विसरता कामा नये.

आता या हक्काचे आज काय झाले ते पाहू. 1 नोव्हेंबर 2005 पासून महाराष्ट्र शासनाच्या सेवेत येणाऱ्यांची जुनी पेन्शन बंद झाली. जुन्या पद्धतीत शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम पेन्शन म्हणून मिळे, तिच्यावर महागाई वाढ मिळे आणि पेन्शनसाठी पगारातून कपात होत नसे. नव्या पद्धतीत मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या 10 टक्के रक्कम दरमहा कापली जाते. शासन आपला वाटा घालते. तो आधी 10 टक्के होता, 2019 पासून 14 टक्के झाला. हा पैसा बाजारात गुंतवला जातो. निवृत्तीच्या वेळी 60 टक्क्यांपर्यंत रक्कम हाती येते आणि निदान 40 टक्के रकमेतून विमा कंपनीकडून मासिक वर्षासन विकत घ्यावे लागते.

एक हिशेब करून पाहू. समजा शिपायाचे शेवटचे मूळ वेतन 50,000 रुपये आहे. जुन्या नियमाने त्याला 25,000 रुपये आणि वर महागाई वाढ मिळाली असती. नव्या योजनेत त्याच्या खाती समजा 50 लाख जमले. त्यातले 30 लाख हाती आले आणि 20 लाखांचे वर्षासन घेतले. सहा टक्के दर धरला तर महिन्याला 10,000 रुपये येतात आणि महागाई वाढली तरी ते तेवढेच राहतात. हातातले 30 लाख मुलीचे लग्न, घर आणि दवाखाना यांत किती दिवस टिकतात, हे आपल्या वस्तीत राहणाऱ्याला सांगायला नको. सवर्ण मध्यमवर्गीयाच्या घरी निवृत्त माणसामागे वडिलोपार्जित घर, जमीन, दागिने असतात. आपल्या शिपायामागे बहुधा तोच एक पगार असतो आणि त्यावर आईबाप, भावंडे सारी अवलंबून असतात. नियम सर्वांना सारखा आहे, पण त्याचा मार सारखा नाही.

14 ते 20 मार्च 2023 या काळात जुन्या पेन्शनसाठी राज्यातील सरकारी कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले. त्यानंतर मार्चअखेर शासनाने सेवेत असताना मृत्यू आलेल्यांच्या वारसांसाठी कुटुंबनिवृत्तिवेतनाचा निर्णय काढला. 2024 साली शेवटच्या वेतनाच्या निम्म्या पेन्शनची हमी देणारा सुधारित योजनेचा पर्यायही पुढे आला. म्हणजे संघटित माणसे बोलली तेव्हा काही हलले. पण 2006 साली भरती झालेल्या शिपायाची कपात शिक्षकाइतकीच होत असताना तो संपात नव्हता. तो संपकऱ्यांच्या मोर्चावर बंदोबस्ताला उभा होता. संप मिटला तो 20 मार्चला. त्या दिवशी चवदार तळ्याच्या स्मरणासाठी महाडला लोटलेल्या जनसमुदायाच्या बंदोबस्तालाही पोलीसच होते.

शिपाई बोलत का नाही? कारण कायद्याने त्याचे तोंड बांधले आहे. संविधानाच्या 33 व्या अनुच्छेदाने सशस्त्र दले आणि सुव्यवस्था राखणारी दले यांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. त्याआधारे 1966 साली झालेल्या कायद्याप्रमाणे पोलिसाला परवानगीवाचून कामगार संघटनेचे सभासद होता येत नाही. मोडल्यास दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. महाराष्ट्रात पोलिसांची संघटना होती. 1982 च्या ऑगस्टमध्ये शासनाने ती मोडून काढली. 18 ऑगस्टला मुंबईत शिपाई रस्त्यावर आले, लष्कर बोलवावे लागले, अनेक शिपाई बडतर्फ झाले. शिस्तीच्या दलाने संप करू नये, हे मला मान्य आहे. पण संप नको म्हणजे आवाजच नको, असे होत नाही. ब्रिटनमध्ये 1918 आणि 1919 च्या पोलीस संपांनंतर कायद्याने संप बंद केला, पण त्याच कायद्याने पोलिसांना प्रातिनिधिक मंडळ दिले. आपल्या देशात केरळमध्येही पोलिसांच्या मान्यताप्राप्त संघटना आहेत.

कामाच्या तासांचा प्रश्न याहून जुना आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या 28 व्या कलमाप्रमाणे रजेवर किंवा निलंबित नसलेला पोलीस सदैव कामावर आहे, असे मानले जाते. हे वाचले की मला महारवतन आठवते. वतनदार महार चोवीस तास सरकारचा आणि गावाचा नोकर होता, आणि तो नसेल तर त्याच्या घरच्याने राबावे, असा रिवाज होता. बाबासाहेबांनी 1928 साली कायदेमंडळात वतनाच्या कायद्याविरुद्ध विधेयक आणले ते यासाठी. शिपाई वतनदार नाही. त्याला पगार आहे, राजीनाम्याची मुभा आहे. पण माणसाचा सारा वेळ मालकाचा, ही कल्पना दोन्हींत एकच आहे. 2019 च्या एका देशव्यापी पाहणीत पोलिसाचा सरासरी दिवस 14 तासांचा आढळला. महाराष्ट्रात किरकोळ रजा 12 वरून 20 झाली तीही 2022 साली. गणपतीत वडखळ, नागोठणे, कोलाड या पट्ट्यात चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग लागते, तेव्हा शिपायाला रजा नसते. रोह्यात धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस सलामी देतात. सलामी पाहायला गाव लोटतो. सलामी देणारा किती तास उभा आहे, हे कोणी विचारत नाही.

आता आक्षेप. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि दहा माणसे मारली गेली. ज्यांनी आपल्यावर गोळ्या झाडल्या, त्यांच्या पेन्शनची काळजी आपण का करावी? माझे उत्तर असे. थकवा हे गोळीबाराचे समर्थन होऊ शकत नाही. गुन्हा करणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे, आणि अत्याचाराची फिर्याद न घेणाऱ्यालाही. पण जो शिपाई वरिष्ठाच्या मर्जीवर रजा, बदली आणि घर मिळवतो, त्याच्याकडून वरिष्ठाच्या चुकीच्या हुकुमाला नकार देण्याची अपेक्षा आपण कशाच्या बळावर करायची? स्वतःच्या हक्काची ओळख नसलेला माणूस दुसऱ्याचा हक्क राखील, हे कठीण आहे. जबाबदारी आणि हक्क या दोन्ही मागण्या एकत्रच कराव्या लागतील.

कार्यकर्त्यांनी काय करावे? भरतीला जाणाऱ्या मुलाला धावण्याबरोबर पेन्शनचे नियमही शिकवावेत. नोकरीत असलेल्यांना योजनेचा पर्याय देण्यापूर्वी त्याच्या अटी वाचून दाखवाव्यात आणि वारसाची नोंद झाली आहे का, ते विचारावे. 1966 चा कायदा सेवेतल्या पोलिसाला बांधतो. त्याच्या पत्नीला, आईबापाला आणि निवृत्त पोलिसाला तो बांधत नाही. काम बंद करा असे सांगणे वेगळे आणि आठ तासांची पाळी, साप्ताहिक सुटी, निश्चित पेन्शन व तक्रार मांडण्यासाठी मान्य मंडळ यांची मागणी करणे वेगळे. ही मागणी आपल्या ठरावांत आली पाहिजे. ती आपल्या घरातल्या मुलांची आहे.