किडनीच्या फोटोमागची भानगड

डॉक्टरांनी सोनोग्राफी लिहून दिली, रिपोर्ट नॉर्मल आला, किडनीची काळजी मिटली, ही झाली पडद्यावरची गोष्ट. एक्स-रे विभागाच्या मागच्या खोलीत चहाबरोबर जे किस्से चघळले जातात, त्यांत किडनी इतकी सरळ वागत नाही. तिचे फोटो काढणारे तर नाहीच नाही.

साध्या एक्स-रेत मूत्रमार्ग उमटत नाही. 1906 साली फोल्कर आणि अलेक्झांडर फोन लिश्टेनबर्ग या जर्मनीतल्या डॉक्टरांनी त्यावर तोडगा काढला. खालून नळी सारायची आणि चांदीचे द्रावण थेट किडनीपर्यंत चढवायचे! फोटो झकास येत. रुग्णाला काय वाटते, हे विचारायची तेव्हा फारशी पद्धत नव्हती. शिरेतून औषध देऊनही काम भागेल, हे 1923 साली अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये दिसले, तेही भलत्याच वाटेने. सिफिलिसच्या रुग्णांना सोडियम आयोडाइड देत. त्यांच्या एक्स-रेत लघवीने भरलेले मूत्राशय पांढरे उमटले. मूत्रविकारांच्या शास्त्राला वाट दाखवली ती गुप्तरोगाच्या रुग्णांनी. सत्कार समारंभात हे सहसा कोणी सांगत नाही.

किडनी मात्र पुसटच राहिली. ती स्पष्ट झाली गाईंच्या कृपेने. बर्लिनच्या कृषी महाविद्यालयात बिंझ आणि रेट हे रसायनशास्त्रज्ञ आयोडीनयुक्त संयुगे तयार करत होते. त्यांतले सिलेक्टान कास सुजलेल्या गाईंवर वापरून झाले होते. न्यूयॉर्कचा मोझेस स्विक हा तरुण डॉक्टर तेव्हा शिकायला जर्मनीत आलेला. औषधात आयोडीन आहे आणि ते लघवीवाटे बाहेर पडते, मग ते एक्स-रेत दिसायलाच हवे, हे त्याच्या डोक्यात आले. पुढे बर्लिनला लिश्टेनबर्ग यांच्याच विभागात (हो, तेच चांदीवाले) युरोसिलेक्टान या सुधारित औषधाने किडनीचे सुरेख फोटो मिळाले. साहेब त्या वेळी अमेरिकेच्या दौऱ्यावर होते.

साहेब परतले आणि सप्टेंबर 1929 मध्ये म्युनिकच्या परिषदेत शोध जाहीर झाला. तो कोणाचा, यावरून जुंपली. विभाग माझा, रुग्ण माझे, म्हणून शोधही माझा, हे गणित आपल्याकडच्या कुठल्याही निवासी डॉक्टरला समजावून सांगावे लागणार नाही. तडजोड अशी निघाली की एक लेख एकट्या स्विकच्या नावाने आणि दुसरा दोघांचा, त्यात साहेबांचे नाव आधी. हार बरीच वर्षे साहेबांच्याच गळ्यात पडले. पण ते ज्यू होते. नाझी राजवटीत देश सोडावा लागला आणि 1949 साली मेक्सिकोत त्यांचे निधन झाले. स्विकला न्यूयॉर्क अकॅडमी ऑफ मेडिसिनने पदक दिले ते 1965 मध्ये. तोवर ते बघायला भांडणातला दुसरा पक्ष उरला नव्हता.

फोटोसाठी द्यायचे हे आयोडीनचे औषध, म्हणजे डाय, आधीच दुबळ्या झालेल्या किडनीला बाधू शकते, हे पुढे लक्षात आले. म्हणजे जिचा फोटो काढायचा, तिलाच इजा! मग अशा रुग्णांसाठी एमआरआयची गॅडोलिनियम डाय 'सुरक्षित' म्हणून पुढे आली. 1997 पासून अमेरिकेत काही किडनीरुग्णांची कातडी टणक होऊ लागली, सांधे आखडू लागले. कारण सापडेना. 2006 साली ऑस्ट्रियातल्या ग्रोबनर यांनी बोट दाखवले ते नेमके त्या सुरक्षित डायकडेच. आता गॅडोलिनियमची जुन्या प्रकारची डाय अशा रुग्णांना देत नाहीत.

डायची भानगड नको म्हणून सोनोग्राफी, तर तिथल्या गमती वेगळ्याच. किडनीचा रंग शेजारच्या यकृताशी ताडून ठरवतात. किडनी बिघडली की तिची बाहेरची कड यकृतापेक्षा उजळ दिसते. पण शेजाऱ्याने घराला चुना फासला की आपली भिंत मळकी वाटते, आणि इथे मळकी म्हणजे निरोगी! यकृतात चरबी साठलेली असली, की बिघडलेली किडनीही नॉर्मल म्हणून खपून जाते. उलटा प्रकारही होतो. "भरपूर पाणी प्या, लघवी दाबून ठेवा" हे ऐकून काका दोन बाटल्या रिचवतात. नंबर काही येत नाही. शेवटी टेबलावर पडतात तेव्हा दोन्ही किडन्या फुगलेल्या! काकूंचा चेहरा पडतो. मुरलेला डॉक्टर एवढेच म्हणतो, "काका, जरा बाथरूमला जाऊन या." काका येतात, फुगवटा गायब.

फोटोने आजार खरोखर आधी पकडला, असे ठळक उदाहरण आहे गाठींच्या आनुवंशिक किडनीविकाराचे. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या क्रिस्प या अमेरिकी अभ्यासात एमआरआयने किडनीचे आकारमान मोजले. ते वर्षाला सरासरी पाचेक टक्क्यांनी वाढत होते, आणि बहुतेकांची रक्त गाळण्याची क्षमता अजून टिकून होती.

मधुमेहात मात्र उलटे. सुरुवातीला किडनी सोनोग्राफीत चांगली गुटगुटीत, देखणी दिसते. त्याच वेळी लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन झिरपू लागलेले असते. हे मागच्या खोलीत सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून तिथली मंडळी स्वतःच्या आईवडिलांना आधी लघवीची बाटली हातात देतात. तुम्हाला मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर वर्षातून एकदा लघवीतले अल्ब्युमिन आणि रक्तातले क्रिएटिनिन तपासून घ्या, सोनोग्राफीचा रिपोर्ट कितीही छान आला असला तरी.