शस्त्रक्रियेनंतरच्या दीर्घ रुग्णालयीन वास्तव्यात आईची शुश्रूषा : एक विवेचन

बीजशब्द : शुश्रूषा, परिचारक, ज्ञापकत्व, खुब्याची शस्त्रक्रिया, मतिभ्रम, रुग्णसंमती

प्रस्तावना :

भारतीय संस्कृतीत मातेचे स्थान सर्वोच्च मानले गेले आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत आईला देवासमान मानण्याचा उपदेश पिता, आचार्य व अतिथी यांच्याही आधी येतो. मात्र हा आदर प्रत्यक्ष कृतीत उतरविण्याची वेळ बहुधा आई अंथरुणाला खिळते तेव्हाच येते, आणि त्या वेळी केवळ आदरभाव पुरेसा ठरत नाही. तिला कुशीवर कसे वळवावे, तिला काय भरवावे, रात्री ती असंबद्ध बोलू लागली तर काय समजावे, हे ज्ञान घरातील सुशिक्षित माणसांनाही नसते.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात ६० वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १०.३८ कोटी होती व त्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक होते. रजोनिवृत्तीनंतर हाडे वेगाने ठिसूळ होत असल्याने घरातल्या घरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाणही वृद्ध स्त्रियांमध्ये जास्त आढळते. अशा रुग्णावर शक्य तितक्या लवकर शस्त्रक्रिया करून तिला उठवून बसविणे, हे आजच्या अस्थिरोगशास्त्राचे सर्वमान्य धोरण आहे. परंतु जखमेत जंतुसंसर्ग झाला, मधुमेह अथवा हृदयविकार असला, तर काही दिवसांचा मुक्काम कित्येक आठवड्यांवर जातो. या काळात रुग्णाजवळ चोवीस तास असतात ते तिचे नातेवाईक. म्हणूनच त्यांच्या कार्याचा पद्धतशीर विचार होणे अगत्याचे आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) दीर्घ रुग्णालयीन वास्तव्यात नातेवाईकांनी करावयाच्या शुश्रूषेचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) आईचे दुःख जाणून घेण्यातील अडचणींचा विचार करणे.
३) शुश्रूषेची कौटुंबिक विभागणी व रुग्णाचे हक्क यांचा परामर्श घेणे.

अभ्यास पद्धती :

प्रस्तुत लेखासाठी विश्लेषणात्मक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. ग्रंथ, शासकीय अहवाल व न्यायनिर्णय या दुय्यम साधनांबरोबरच, आईच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर एका रुग्णालयाच्या स्त्री-कक्षात सहा आठवडे तिच्यासोबत राहताना प्रस्तुत लेखिकेने केलेल्या निरीक्षणांचाही आधार घेतला आहे.

विषय विवेचन :

अ) परिचारकाचे चार गुण

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण असे चिकित्सेचे चार पाद सांगितले असून प्रत्येकाचे चार गुण दिले आहेत. परिचारकाचे गुण म्हणजे उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच. शुश्रूषा करणाऱ्यास येथे वैद्याच्या पंक्तीत बसविले आहे, ही बाब लक्षणीय होय. तसेच अनुराग म्हणजे प्रेम हा चारांपैकी एक गुण आहे, एकमेव नव्हे, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

उपचारज्ञता म्हणजे शुश्रूषेचे ज्ञान. एकाच स्थितीत पडून राहिल्याने माकडहाड, टाचा व नितंब या भागांतील रक्तपुरवठा दबतो आणि त्वचेवर शय्याव्रण होतात. ते टाळण्यासाठी साधारणतः दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. शस्त्रक्रिया झालेला पाय किती वळवावयाचा, हे परिचारिकेकडून आधी शिकून घ्यावे. त्वचेवरील लाली बोटाने दाबल्यावरही फिकी होत नसेल, तर ती व्रणाची पहिली खूण समजावी. त्या जागी तेल लावून चोळण्याची आपल्याकडील रीत अपायकारक आहे, कारण चोळल्याने आधीच दुखावलेल्या पेशींची अधिक हानी होते. छातीत कफ साचू नये म्हणून तीन चेंडूंचे श्वसनाचे उपकरण दिले जाते. जागेपणी दर तासाला सुमारे १० वेळा त्यातून श्वास आत ओढावयाचा असतो. हे उपकरण पेशीबंद अवस्थेत खाटेशेजारच्या कपाटात पडून असल्याचे दृश्य कक्षात वारंवार दिसते.

आहाराबाबतही ज्ञानाची गरज आहे. जखम भरून येण्यासाठी व स्नायू टिकण्यासाठी प्रथिने लागतात. आजारी वृद्धांसाठी दर किलो वजनामागे दररोज सुमारे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने सुचविली जातात. म्हणजे ५० किलो वजनाच्या आईला किमान ६० ग्रॅम हवीत. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम मिळतात. आपण मायेने देतो ती तांदळाची पेज पचनास हलकी खरी, पण तिच्यात प्रथिने अत्यल्प असतात. साबुदाण्याची खिचडी हा तर मुख्यत्वे पिष्टाचा आहार होय. आई चातुर्मासाचे व्रत वा एकादशी मोडावयास तयार नसेल, तर वाद घालण्यापेक्षा उपवासास चालणारे दूध, दही, शेंगदाणे व राजगिरा यांचा समावेश वाढविणे श्रेयस्कर ठरते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

दाक्ष्य म्हणजे दक्षता व तत्परता. पाळी बदलताना डॉक्टर, परिचारिका व नातेवाईक तिघेही बदलतात. सगळ्या पाळ्यांचे सलग निरीक्षण टिकते ते एखाद्या साध्या वहीत. ताप, लघवीचे प्रमाण, शौचास झाल्याचा दिवस, घेतलेला आहार, वेदनेची वेळ आणि डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न एवढी नोंद पुरेशी आहे. तीव्र वेदनाशामकांमुळे बद्धकोष्ठता होते. आई संकोचाने सांगत नाही व चौथ्या दिवशी पोट फुगते, तेव्हा ही वहीच उपयोगी पडते.

शौच म्हणजे स्वच्छता. इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने १८४७ साली व्हिएन्ना येथील प्रसूतिकक्षात हात निर्जंतुक करण्याची सक्ती केली आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. हा धडा कक्षात येणाऱ्या प्रत्येक नातेवाइकास लागू आहे. भेटीस आलेल्यांनी खाटेवर बसणे व शेजारच्या रुग्णास हात लावून परत येणे, हे जंतूंना वाहून नेण्यासारखेच आहे. भेटीस येणाऱ्यांना प्रेमाने पण निश्चयाने थोपविणे, हाही शौचाचाच भाग मानावा लागेल.

अनुरागाविषयी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे निरीक्षण मार्मिक आहे. १८५९ च्या शुश्रूषेवरील पुस्तकात त्यांनी रुग्णाच्या खोलीत तिच्यासमोर कुजबुजण्याला क्रौर्यच मानले आहे. आपल्या आजाराविषयी काहीतरी लपविले जात आहे, या शंकेने रुग्णाचे मन शिणते. दाराशी उभे राहून डॉक्टरांशी दबक्या आवाजात बोलणारी मुले आईचे भय कमी करीत नाहीत, तर वाढवितात.

आ) रात्रीचा मतिभ्रम

मोठ्या शस्त्रक्रियेनंतर अनेक वृद्ध रुग्णांना अचानक मतिभ्रम होतो. दिवसा नीट बोलणारी आई रात्री कित्येक वर्षांपूर्वी वारलेल्या माणसांशी बोलते, सलाइनची सुई उपसते, मुलीस ओळखत नाही. लेखिकेच्या आईस आठव्या रात्री आपण माहेरच्या ओसरीवर असून गाई सोडावयाच्या राहिल्या आहेत असे वाटत होते. शेजारच्या खाटांवरील नातेवाइकांनी वेड लागल्याचे, बाहेरची बाधा झाल्याचे निदान केले आणि अंगारा देऊ केला. वस्तुतः जंतुसंसर्ग, वेदना, शरीरातील पाण्याची कमतरता, लघवी तुंबणे, निद्रानाश वा काही औषधे यांमुळे मेंदूच्या कार्यात येणारा हा तात्पुरता बिघाड असतो. तो दिसताच डॉक्टरांना सांगून मूळ कारण शोधणे आवश्यक आहे. आईच्या बाबतीत ते कारण मूत्रमार्गाचा संसर्ग हे निघाले व उपचारानंतर चार दिवसांत ती पूर्ववत झाली.

या संदर्भात शॅरन इनूये व सहकाऱ्यांचे १९९९ साली प्रसिद्ध झालेले अमेरिकेतील संशोधन मोलाचे आहे. ७० वर्षांवरील ८५२ रुग्णांच्या या अभ्यासात मतिभ्रमाचे प्रमाण नेहमीच्या शुश्रूषेत १५ टक्के, तर विशेष काळजी घेतलेल्या गटात ९.९ टक्के आढळले. ही काळजी म्हणजे वार व स्थळ यांची आठवण देत राहणे, चष्मा व कानयंत्र जवळ ठेवणे, पाणी पाजणे, लवकर हालचाल करविणे आणि रात्रीची झोप राखणे. यांपैकी प्रत्येक गोष्ट नातेवाइकांना करता येण्याजोगी आहे. आपल्याकडे मात्र रुग्णालयात हरवेल म्हणून आईचा चष्मा प्रथम घरी पाठविला जातो.

इ) ज्ञापकत्व : आईचे न सांगणे

चरकसंहितेत रुग्णाच्या गुणांत ज्ञापकत्व, म्हणजे आपली व्यथा नीट सांगता येणे, हा एक गुण गणला आहे. येथेच आईच्या शुश्रूषेतील खरी अडचण दडलेली आहे. जिने आयुष्यभर इतरांचे दुखणे विचारले, तिला स्वतःचे दुखणे सांगण्याची सवय नसते. फेरीवर आलेल्या डॉक्टरांनी विचारताच ती बरे आहे असे उत्तर देते. खर्च वाढेल, मुलाची रजा संपेल, सुनेस त्रास होईल, असा हिशेब त्या उत्तरामागे असतो. वेदना ० ते १० या अंकांत सांगा म्हटले, तर पुष्कळदा तिला ते जमत नाही.

परंतु मराठी भाषेत वेदनेची शब्दसंपदा विपुल आहे आणि तिच्याच शब्दांत विचारल्यास ती सांगते. ठणकते का, कळ येते का, चमक निघते का, आग होते का, रग लागली का, मुंग्या येतात का, हे प्रश्न निरनिराळे आहेत व त्यांची उत्तरे वैद्यकीयदृष्ट्या भिन्न शक्यता सुचवितात. जखमेचा वाढता ठणका व सोबत ताप हा संसर्गाचा इशारा असू शकतो. टाचेची वा माकडहाडाची आग ही शय्याव्रणाची सुरुवात असू शकते. एकाच पोटरीत दुखून सूज आली, तर रक्ताची गाठ झाल्याची शंका घ्यावी. अचानक धाप लागणे व छातीत दुखणे ही तर तातडीची अवस्था होय. पायात मुंग्या वा बधिरपणा असल्यास मज्जातंतूवर दाब आहे का, हे तपासावे लागते. तिचा शब्द न बदलता डॉक्टरांपर्यंत पोहोचविणे, हे नातेवाइकाचे महत्त्वाचे कार्य आहे.

लघवी व शौच यांविषयीचा संकोच विशेष विचारार्ह आहे. बेडपॅन मागावे लागू नये म्हणून अनेक स्त्रिया पाणी पिणेच कमी करतात. त्यातून संसर्ग, बद्धकोष्ठता व मतिभ्रम असे दुष्टचक्र सुरू होते. पडदा ओढणे, मुलास बाहेर पाठविणे आणि ठरावीक वेळी न मागता विचारणे, एवढ्याने हा प्रश्न बराचसा सुटतो.

ई) शुश्रूषेची विभागणी व रुग्णाची संमती

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील व्यक्तींच्या काळजीचे विनामोबदला काम करीत होत्या. पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के होते. असे काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दररोज सुमारे १४० मिनिटे, तर पुरुष ७४ मिनिटे देत होते. स्त्री-कक्षातील चित्र याहून निराळे नाही. मुलगा औषधे, रक्त व पैसे यांची व्यवस्था पाहतो आणि डॉक्टरांशी बोलतो, तर रात्र जागते ती मुलगी वा सून. परिणामी जिला स्थिती माहीत असते ती निर्णयात नसते आणि जो निर्णय घेतो त्यास स्थितीचे तपशील माहीत नसतात. ही तफावत रुग्णास घातक ठरू शकते. म्हणून रात्रीची पाळी भावंडांत वाटली जावी व डॉक्टरांच्या फेरीच्या वेळी प्रत्यक्ष शुश्रूषा करणारी व्यक्ती उपस्थित असावी.

याहून महत्त्वाचा प्रश्न स्वतः आईच्या संमतीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात २००८ साली असे स्पष्ट केले की, सज्ञान व सक्षम रुग्णाच्या ऐवजी तिच्या आईने दिलेली संमती वैध ठरत नाही. जीव वाचविण्यासाठी तातडीचा उपचार करावा लागणे हा याला अपवाद आहे. जे आईने मुलीच्या वतीने करता येत नाही, ते मुलांनी आईच्या वतीने करणेही योग्य नव्हे. लेखिकेच्या आईची जखम पुन्हा उघडून धुण्याचा निर्णय घेताना कागद प्रथम मुलासमोर ठेवण्यात आला. तो आईच्या हाती दिल्यावर तिने एकच प्रश्न विचारला. यानंतर आपल्याला स्वतः उठून न्हाणीघरात जाता येईल का, हा तो प्रश्न होय. तोवर कोणीही, डॉक्टरांनी वा मुलांनी, उपचाराचे उद्दिष्ट त्या शब्दांत मांडले नव्हते. पुढील व्यायामाचे नियोजन त्याच उद्दिष्टानुसार झाले व तिने त्यास मनापासून साथ दिली.

आर्थिक बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. राज्यात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते. २०२३ च्या शासन निर्णयाने तिचे संरक्षण प्रति कुटुंब प्रति वर्ष ५ लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आले. संबंधित उपचार यादीत आहे काय, याची चौकशी दाखल होतानाच आरोग्यमित्राकडे करावी. तसेच मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात.

उ) घरी परतताना

रुग्णालयातून सुट्टी मिळणे म्हणजे शुश्रूषेची समाप्ती नव्हे. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः सांधा बदलला असल्यास, मांडी घालणे, उकिडवे बसणे व खाली वाकणे बहुधा वर्ज्य असते. जमिनीवर बसून विळीवर भाजी चिरणाऱ्या, पाटावर बसून पूजा करणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने तिचा दिनक्रमच हिरावला जातो. यावर उपाय म्हणजे आई येण्यापूर्वी घर बदलणे. देवघर उंचावर घ्यावे, चिरण्याचे काम ओट्याशी वा टेबलाशी खुर्चीवर बसून करण्याची सोय करावी, कमोड व न्हाणीघरात धरण्यास दांडी बसवावी, निसरडी पायपुसणी काढावीत. तिला पलंगावर बसवून सर्व काही हातात देणे प्रेमाचे वाटले, तरी त्यामुळे स्नायू क्षीण होतात व परावलंबित्व वाढते.

निष्कर्ष :

१) दीर्घ रुग्णालयीन वास्तव्यात नातेवाईक हा चिकित्सेचा एक आधारस्तंभ असून त्याच्या ठायी प्रेमाइतकीच ज्ञान, दक्षता व स्वच्छता यांची आवश्यकता आहे.
२) वृद्ध रुग्णाचा मतिभ्रम हा वेडेपणा वा बाधा नसून वैद्यकीय कारण शोधण्याची सूचना आहे.
३) आईचे मौन हे वेदनेच्या अभावाचे लक्षण मानू नये. तिच्याच भाषेत व ठरावीक वेळी विचारणे हाच त्यावर उपाय आहे.
४) शुश्रूषेचा भार कुटुंबात वाटला जावा व उपचारासंबंधीचा निर्णय सक्षम असेपर्यंत आईचाच असावा.

सूचना :

रुग्णालयांनी दाखल होण्याच्या दिवशी नातेवाइकांना कूस बदलणे, श्वसनाचा व्यायाम, आहार व धोक्याची लक्षणे यांचे अर्ध्या तासाचे मराठीतून प्रशिक्षण द्यावे. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजना विभागांनी आपल्या शिबिरांत गृहशुश्रूषेचा समावेश करावा व त्यात मुलांचा सहभाग मुलींइतकाच असावा. आज ना उद्या या प्रत्येक विद्यार्थ्यास आपल्या आईच्या खाटेशेजारी बसावे लागणार आहे. त्या वेळी काय करावयाचे, हे त्यास आधीच ठाऊक असणे हिताचे ठरेल.