सेवाग्रामची कसोटी: जर्मन रोलिफ्लेक्स आणि अमेरिकी कॅमेरे

जुन्या कॅमेऱ्यांच्या शौकिनांत एक वाद हमखास रंगतो: अमेरिकी सरस की जर्मन? माझ्या मते या वादाचा निवाडा नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवर, सेवाग्रामात होतो.

गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला आले. त्यांचे चुलत नातू कनू गांधी आश्रमातच काम करत. त्यांनी बापूंचे फोटो काढावेत, असं विनोबांचे धाकटे बंधू शिवाजी भावे यांनी सुचवलं. घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले आणि रोलिफ्लेक्स आली. बापूंनी तीन अटी घातल्या: फ्लॅश वापरायचा नाही, पोज द्यायला सांगायचं नाही, आश्रमाकडून पैसे मिळणार नाहीत.

मातीच्या भिंतींच्या, उतरत्या छपराच्या कुटीत प्रकाश बेताचाच. त्यात त्या काळची फिल्म मंद, म्हणजे शटर सावकाश चालवणं आलं. ब्राउनश्वाइगच्या कारखान्यातून १९२९ मध्ये बाहेर पडलेल्या रोलिफ्लेक्सची जात अशा कामाला अगदी योग्य. वरच्या लेन्समधून बघायचं, खालच्या लेन्समधून फोटो उमटतो. आरसा जागचा हलत नाही, त्यामुळे धक्का नाही. लेन्समधल्या शटरचा आवाज जेमतेम. कॅमेरा पोटाशी धरून मान खाली घालून काचेत बघायचं, त्यामुळे समोरच्यावर नजर रोखली जात नाही. रोलवर बारा फोटो. प्रत्येक क्लिक विचार करूनच.

याउलट अमेरिकेतल्या रोचेस्टरची स्पीड ग्राफिक. तिची फिल्म चार बाय पाच इंची, निगेटिव्हमधला तपशील अफाट. पण दर फोटोला होल्डरची पट्टी ओढा, फोटो घ्या, पट्टी घाला, होल्डर उलटा करा. फ्लॅशगन लावून बातमीच्या धावपळीत ती राणी होती; तरी वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी तिच्यासोबत रोलिफ्लेक्सही वापरली. १९४६ मध्ये चरख्याजवळच्या गांधीजींचा फोटो घेताना 'लाइफ' साप्ताहिकाच्या छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट यांना फ्लॅशचे बल्ब लागलेच.

म्हणून अमेरिकी लेन्स कमअस्सल, असं मुळीच नाही. कोडॅकची एक्टार उत्तम जर्मन लेन्सच्या पंक्तीत बसते. फरक होता तो उद्दिष्टात. अमेरिकेला घरोघरी कॅमेरा पोचवायचा होता. १९३९ ची बेकेलाइटची, चौकोनी आर्गस सी-थ्री त्यातूनच आली. बारीक यांत्रिक कामासाठी खुद्द कोडॅकनं १९३२ मध्ये श्टुटगार्टचा नागेल कारखाना घेतला आणि १९३४ पासून तिथे रेटिना घडवली. नाव अमेरिकी, हात जर्मन!

तेव्हा जुना कॅमेरा घेताना शिक्क्यावर भाळू नका. लेन्समध्ये टॉर्च मारून बुरशी बघा, एक सेकंदाचं शटर अडखळतं का ते ऐका. आणि त्याआधी आपलं काम कोणतं, ते ठरवा. कनू गांधींचं काम अटींनीच ठरवून दिलं होतं. म्हणून त्यांच्या हातात जर्मन यंत्र श्रेष्ठ ठरलं.