लूपच्या तोंडाशी गार्बेज व्हॅल्यू

तारापूरच्या अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच १९६९मध्ये सुरू झाले, तेव्हा शास्त्रीय आकडेमोडीवर फोरट्रानचं राज्य होतं. डू-लूप निदान एकदा तरी फिरणारच, असं त्या काळचे बरेच कंपायलर धरून चालत. त्यामुळे लूपच्या आत व्हेरिएबलला किंमत दिली, की लूपनंतर ती हमखास असे. फोरट्रान ७७ने लूपला शून्य वेळा फिरायची मुभा दिली आणि तो भरवसा संपला.

व्हेरिएबलला किंमत मिळाली आहे का, हे तपासायची युक्ती तोवर सापडली होती. गॅरी किल्डॉल (पुढे सीपी/एम लिहिणारा तोच) याने ती १९७३मध्ये मांडली. लूपच्या तोंडाशी दोन वाटा मिळतात: एक वरून येते, दुसरी लूपच्या शेवटाकडून वळून येते. दुसरीने काय येईल हे लूप तपासल्याशिवाय कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय लूप तपासता येत नाही. किल्डॉलचं म्हणणं असं, की एक अंदाज धरा, फेऱ्या मारा आणि उत्तर बदलेनासं झालं की थांबा. आपल्या कामाला व्हेरिएबलमागे एक बिट पुरतो. एकाही वाटेने कोरं, म्हणजे किंमत न मिळालेलं, व्हेरिएबल पोचत असेल, तर इशारा द्यायचा.

अशा बिटांच्या गणिताचा व्यापक सिद्धान्त १९९४मध्ये उदय खेडकर आणि धनंजय ढमढेरे यांनी मांडला. खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांचं डेटा फ्लो ॲनालिसिसवरचं पुस्तक २००९मध्ये आलं. हे काम आयआयटी मुंबईच्या परंपरेतलं. आयआयटीची पवई पालघरहून काही फार लांब नाही, पण तारापूरशेजारच्या आमच्या पालघर-बोईसरच्या मुलांची सी भाषा टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर सुरू झाली. तो कंपायलर इशारा द्यायचा, प्रोग्राम तरीही चालायचा, भलताच आकडा यायचा आणि सर म्हणायचे, ‘गार्बेज व्हॅल्यू आहे.’ तो आकडा कुठल्या वाटेने आला, हे मात्र क्वचितच शिकवलं जाई.

जीसीसी या कंपायलरची गोष्ट जास्त मजेशीर. लूपआधी कोरं असलेलं व्हेरिएबल लूपमध्ये आधी वाचायचं, मग त्यात शून्य घालायचं. एवढ्या साध्या चुकीवरही इशारा मिळत नाही, अशी तक्रार २००४मध्ये नोंदली गेली. मागच्या वाटेने शून्य येतं, वरून काहीही येऊ शकतं; मग तेही शून्यच धरू, असा ऑप्टिमायझरचा हिशेब. सी भाषेच्या नियमांत तो बसतो. त्यात व्हेरिएबलचं वाचनच पुसलं जातं आणि इशाऱ्याला जागा उरत नाही. २०१२च्या ४.७ आवृत्तीत ‘कदाचित किंमत नसेल’ असा वेगळा इशारा आला. कंपायलरची ती प्रामाणिक कबुलीच म्हणायची. जावाने हा घोळ पहिल्यापासूनच ठेवला नाही: प्रत्येक वाटेवर किंमत मिळाल्याचं दिसलं नाही, तर प्रोग्राम कंपाइलच होत नाही.

जिथे चूक परवडत नाही, तिथे शिस्त कडक असते. ब्रिटनच्या मोटार उद्योगातून १९९८मध्ये आलेल्या मिस्रा सी नियमावलीत, वापरण्याआधी किंमत दिलीच पाहिजे, असा स्वतंत्र नियम आहे. तारापूरचे तिसरा आणि चौथा हे जड पाण्याचे संच २००५-०६मध्ये सुरू झाले. अशा अणुभट्ट्यांमधल्या संगणकाधारित प्रणालींसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाने २०१०मध्ये स्वतंत्र मार्गदर्शिका काढली.

बोईसरच्या लॅबमध्ये आज जीसीसीवर बसणाऱ्यांना एवढंच सांगणं: सगळे इशारे चालू ठेवा, प्रोग्राम ऑप्टिमायझेशनसह आणि त्याशिवाय असा दोनदा कंपाइल करा, आणि इशारा आला नाही तरी लूपआधीची किंमत स्वतःच्या हाताने लिहा.