वाडगा कुणासाठी थांबत नाही!

मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारते, रागावू नका. तव्यावरची पहिली पोळी, तूप लावलेली, वाफ निघत असलेली, तुम्ही स्वतः कधी खाल्ली होती? आठवतं का?

मला तर आठवेना. आणि गंमत म्हणजे हा प्रश्न मला पडला तो साताऱ्याच्या माझ्या स्वयंपाकघरात नव्हे, तर टोकियोतल्या एका गल्लीत, आठ स्टुलांच्या खानावळीत!

मुलगा नोकरीनिमित्त तिकडे असतो. त्याच्या निशी-कासाई भागात आपली भारतीय मंडळी पुष्कळ, त्यामुळे डाळ-मसाल्यांची ददात नाही. पहिले आठ दिवस मी घरीच रांधलं. नवव्या दिवशी सूनबाई म्हणाली, "आई, आज गॅस पेटवायचा नाही. कोपऱ्यावर रामेन खायला जाऊ."

दारावर कापडी पडदा, आत फळीसारखं लांब टेबल आणि त्यापलीकडे मालक नि त्याचे वाफाळते हंडे. दाराशीच एक यंत्र होतं. पैसे घालून बटण दाबायचं, चिठ्ठी घ्यायची आणि ती मालकाला द्यायची. एक वाडगा हजार येनच्या आसपास. बक्षिसी द्यायची पद्धतच नाही, बरं का!

रामेन म्हणजे गरम सुपातल्या गव्हाच्या शेवया. पदार्थ मूळचा चिनी. १९१० साली टोकियोच्या आसाकुसा भागात 'राइराइकेन' हे दुकान निघालं आणि तिथून त्याची गोडी वाढली. पीठ भिजवताना त्यात 'कान्सुइ' नावाचं खारं पाणी घालतात. ते आपल्या पापडखाराच्याच जातीचं! त्यामुळे शेवया पिवळसर आणि चिवट होतात. कोंबडीची किंवा डुकराची हाडं, सुकी मासळी, समुद्री शेवाळ असं काहीबाही तासन् तास उकळून सूप करतात. वर अंडं, कांद्याची पात, बांबूचे कोवळे कोंब. मुलं मिटक्या मारत खातात त्या पाकिटातल्या शेवयांचं मूळही इथलंच. मोमोफुकु आंदो यांनी त्या १९५८ साली प्रथम बाजारात आणल्या.

आमच्याकडे मासे-कोंबडी चालते, डुक्कर नाही. म्हणून सूनबाईने कोंबडीच्या सुपाचं बटण दाबलं. चार वाडगे सांगितले, पण आधी दोनच आले: एक तिचा, एक माझा. मी हात मांडीवर ठेवून बसले. ह्यांचं आलं नव्हतं ना! मालकाने माझ्याकडे पाहिलं, वाडग्याकडे पाहिलं आणि हातानेच "खा, खा" अशी खूण केली.

"आई, सुरुवात करा. शेवया फुगतात. वाडगा कुणासाठी थांबत नाही," सूनबाई म्हणाली. शेजारचे पाहुणे तर चक्क भुरके मारत होते. तिथे तो असभ्यपणा नाही. भुरक्याने शेवया निवतात आणि वासही चांगला येतो म्हणतात.

मग मीही आमटीचा मारतात तसा भुरका मारला. खरं सांगू? डोळ्यांत पाणी आलं. तिखटाने नव्हे. पस्तीस वर्षांच्या संसारात सगळ्यांच्या आधी, इतकं गरम, कुणाला काही वाढायला न उठता मी पहिल्यांदाच जेवत होते.

दोन दिवसांनी त्याच गल्लीत सुशी खायला गेलो. तिथेही तोच नियम. कारागीर भाताचा मुटका वळतो, वर मासळीचा काप ठेवतो आणि तुमच्या पुढ्यात मांडतो. भात कोमट आहे तोवर खायचा. या भातात व्हिनेगर, साखर आणि मीठ कालवलेलं असतं. मुटका हाताने खाल्ला तरी चालतो. सोयाबीनच्या सॉसमध्ये मासळीची बाजू टेकवायची, भाताची नव्हे. नाहीतर मुटका विस्कटतो. मी आधी उकडलेली कोळंबी घेतली, मग धीर करून कच्चा ट्यूना. वास मुळीच नाही, लोण्यासारखा मऊ! मात्र मंडईतली सुरमई आणून घरी हा प्रयोग करू नका. कच्ची खायची मासळी तिकडे वेगळी निवडतात आणि जपतात. गरोदरपणी तर ती टाळावीच.

शाकाहारी भगिनींनी काकडीची गुंडाळी, म्हणजे 'काप्पा माकी', मागावी. 'काम्प्यो' ही तर दुधीच्या सुकवलेल्या पट्ट्यांची गुंडाळी! पण पट्ट्या शिजवतात त्या पाण्यात बहुधा मासळीचा अर्क असतो. त्याला 'दाशी' म्हणतात. तेव्हा विचारून घ्या. 'बुता' म्हणजे डुक्कर, 'तोरी' म्हणजे कोंबडी, 'साकाना' म्हणजे मासळी, एवढे शब्द पाठ असले की पुष्कळ झालं. पूर्ण शाकाहारी रामेनची दुकानंही टोकियोत निघाली आहेत. आणखी एक: भातात काड्या उभ्या खोचू नका. ती तिकडे मृताला भात ठेवण्याची रीत आहे.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी थालीपीठं लावली. पहिलं तव्यावरून उतरलं ते मी माझ्याच ताटात घेतलं, लोण्याचा गोळा घातला आणि ओट्याशीच स्टूल ओढून बसले. हे ताट घेऊन वाट पाहत होते. "माझं?" त्यांनी विचारलं.

"पीठ मळलेलं आहे. तवा तापलेला आहे," मी म्हटलं.

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग उठले बिचारे. पहिलं थालीपीठ भारताच्या नकाशासारखं झालं, दुसरं जरा गोल. आता दर रविवारी तवा आळीपाळीने. त्यांची थालीपीठं अजून जाडच होतात, पण गरम असतात!

तेव्हा मैत्रिणींनो, जपानला जायला जमो न जमो, या रविवारी घरातल्या एकाच्या हाती उलथनं द्या. आणि पहिला गरम घास तुम्ही घ्या.