बोट घसरलं आणि थेंब पडला

ड्रीस बाउटार्टला हवं होतं ‘डॉर्प’. डच भाषेत डॉर्प म्हणजे खेडं. बेल्जियममधल्या अँटवर्पच्या वसतिगृहात मित्रांना निरोप ठेवता यावेत म्हणून त्यानं तिथल्या संगणकांवर चालणारा एक फलक बनवला होता. शिक्षण संपलं, मंडळी पांगली, आता फलक इंटरनेटवर न्यायचा म्हणून तो साइटचं नाव मोकळं आहे का ते तपासायला बसला आणि टंकताना बोट घसरलं. डॉर्पचं झालं ‘ड्रॉप’! तेच त्याला आवडलं. पुढे २००१ मध्ये त्यानं फलकामागची यंत्रणा सगळ्यांसाठी खुली केली. तिचं नाव थेंबाच्या डच शब्दावरून पडलं: ड्रुपल. बोधचिन्हही हसरा निळा थेंबच.

ड्रुपल म्हणजे वेबसाइट बनवण्याची यंत्रणा. तिचा सगळा खेळ मॉड्यूलांचा, म्हणजे मूळ कोडला, गाभ्याला, जोडायच्या सुट्या भागांचा. गाभा काम करता करता मध्येच हाक मारतो, ‘फॉर्म तयार आहे, कुणाला काही बदलायचंय?’ ठरलेल्या नावाचं फंक्शन ज्या मॉड्यूलात असेल ते ओ देतं. ही हाक म्हणजे हुक. एकाच हाकेला चौघांनी ओ दिली तर? प्रत्येक मॉड्यूलला ‘वजन’ असतं. हलकं आधी, जड नंतर. वजन सारखं असेल तर इंग्रजी वर्णानुक्रम. शेवटचा शब्द आपलाच हवा असेल, तर मॉड्यूलचं वजन वाढवायचं.

काहीही करा, पण गाभ्याच्या कोडला हात लावू नका. लावलात तर देव मांजराचं एक पिल्लू मारतो, अशी ड्रुपलवाल्यांची दमदाटी आहे.

गाभ्यात फेरफार केले की अपडेट टाळलं जातं; आणि अपडेटचा आळस किती महाग पडतो? ऑक्टोबर २०१४ मध्ये गाभ्यातच मोठं भगदाड सापडलं. दुरुस्ती जाहीर झाल्यापासून सात तासांत ती बसवली नसेल, तर साइट फुटली असंच समजा, असं खुद्द ड्रुपलच्या सुरक्षा पथकानं बजावलं.

‘मिझरी’ नावाचं एक खट्याळ मॉड्यूलही आहे. उपद्रवी सदस्याला हाकलायचं नाही, नुसतं पिडायचं. त्याला पान उशिरा दाखवायचं, कधी कोरंच दाखवायचं, फॉर्म भरला तरी पुढे जाऊ द्यायचा नाही. कंटाळून गडी आपणच निघून जातो. शोधणाऱ्याला शंभरपैकी शंभर!

ड्रुपल ७ पर्यंत मॉड्यूल नुसतं बंद करून ठेवता यायचं. पण झोपलेल्याला हाका कुठून ऐकू येणार? इकडे मजकूर पुसला जायचा, तिकडे त्याच्या नोंदी तशाच पडून. २०१५ मध्ये आलेल्या ड्रुपल ८ नं ही सोयच काढून टाकली. आता एक तर चालू, नाहीतर अनइन्स्टॉल, म्हणजे साठवलेल्या माहितीसकट हकालपट्टी. तेव्हा ते बटण दाबण्याआधी बॅकअप घ्या.